सीटीचे फोटो जाईनात

उमरग्याच्या त्या खाजगी दवाखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरांची भिस्त एकट्या शिवप्रियावर होती. दुपारी हायवेवर ट्रकनं उडवलेल्या एका माणसाला आणलं. डोक्याला मार होता. सीटी स्कॅन झाला, पण फोटो सोलापूरच्या मेंदूच्या डॉक्टरांकडं जाईनात. मोबाइलवर काढून पाठवले, तर त्यात त्यांना काही उमगेना.

फोटो पाठवणारा सर्व्हरवरचा प्रोग्राम अडकला होता. तो पुन्हा चालू करायला सर्व्हर सांभाळायचं सॉफ्टवेअर उघडावं लागे, आणि ते उघडलं, की यंत्रांची यादी येता येता आपोआप बंद पडे. शिवप्रियानं ते काढून नव्यानं टाकलं. तरी तेच.

डॉक्टर रणधीर दारात येऊन उभे राहिले. "सगळा सर्व्हरच बंद करून चालू कर ना."

"आयसीयूतल्या पेशंटचे मॉनिटर त्यावरच आहेत, सर. तेही बंद पडतील."

"त्या अपघातवाल्याकडं फार वेळ नाही, शिवप्रिया."

सॉफ्टवेअर बंद पडताना मागं ठेवतं ती नोंद तिनं उघडली. पहिल्यांदा नुसत्याच ओळी दिसल्या. मग लक्षात आलं, दरवेळी ते यादीत एकाच जागी बंद पडतंय. रक्ततपासणीच्या प्रिंटरनंतर एक नाव होतं, आणि त्या नावाच्या जागी नुसते रिकामे चौकोन. शेजारचा पत्ता एक्स-रेच्या खोलीतल्या यंत्राचा होता.

तिनं एक्स-रेच्या खोलीत फोन लावला. "सिद्धलिंगअण्णा, तुम्ही नवीन काही जोडलंय का?"

"व्हय, नवा प्रिंटर आलाय न्हवं. नाव टाका म्हणत हुता. म्या आईचं टाकलं, इरम्मा. कन्नडात."

ती धावतच गेली. प्रिंटरवरचं कन्नड नाव पुसून साधं इंग्रजी टाकलं.

"माझ्यामुळं झालं का, बाई?" अण्णांचा चेहरा उतरला होता.

"त्या सॉफ्टवेअरला कन्नड वाचता येत नाही, अण्णा. तुमचं काय चुकलं त्यात?" असं ती म्हणाली खरी, पण दुखणं हेच आहे की दुसरंच, याची तिलाही खात्री नव्हती.

परत येऊन तिनं सॉफ्टवेअर उघडलं. यादी सरकत त्या जागी आली आणि पुढं गेली. तिनं प्रोग्राम चालू केला. एकेक करत फोटो सुटले.

सोलापूरहून लगेच फोन आला. आत रक्त साचतंय, ताबडतोब घेऊन या. ॲम्ब्युलन्स निघाली.

संध्याकाळी कळलं, ऑपरेशन झालंय, माणूस अजून शुद्धीवर नाही. शिवप्रिया घरी जायला उठली, परत बसली, आणि तिनं ते सॉफ्टवेअर पुन्हा एकदा उघडून बघितलं.