घशात अडकलेला साथू

विहाराच्या मागच्या भिंतीशी प्लास्टिकच्या दोन निळ्या खुर्च्या होत्या. गेली चार वर्षं प्रत्येक उपोसथाला, म्हणजे बौद्ध व्रताच्या दिवशी, एकीवर खामनोय बसे, दुसरीवर तिची शेजारीण बुआलोय. दोघींचेही गुडघे झिजलेले. पुढं चटईवर गुडघे टेकून, स्वतःच्या हातानं भंतेंना ताट अर्पण करणं दोघींच्याही नशिबातून गेलेलं. दोघींच्याही, म्हणूनच खामनोयला ते सोसत होतं.

आज दुसरी खुर्ची रिकामी होती. बुआलोय पहिल्या रांगेत, चक्क गुडघ्यांवर! आणि भंतेंनी पसरलेल्या कापडावर ती जे ताट ठेवत होती, त्यात खामनोयनंच पहाटे रांधून विहारात दिलेली कोवळ्या फणसाची आमटी होती.

सगळ्यांनी हात जोडले. "साथू!" दुसऱ्याचं पुण्य पाहून मन आनंदलं की म्हणायचा शब्द. खामनोयच्या घशात तो माशाच्या काट्यासारखा अडकला. आठ शीलं घेतलेली, दुपारनंतर अन्नाचा कण नाही, आणि मन मात्र मत्सरानं भरपेट जेवलेलं.

बुआलोय मागं आली. "ताई, साथूला तुझा आवाज नाही आला?"

"घसा बसलाय."

"घसा, की तू रुसून बसलीयस?"

"ऑपरेशन करून आलीस, मला पत्ताही नाही!"

"कसलं ऑपरेशन! लाम्पांगच्या दवाखान्यात सुया घालून दुखण्याची खबर नेणाऱ्या बारीक नसा तापवल्या, गप्प केल्या. गुडघा आहे तसाच झिजका. वर्षभरात नसा परत बोलायला लागतील, म्हणाले डॉक्टर."

वर्षभरच! खामनोयला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाज वाटली.

"मंगळवारी त्याच डॉक्टरांकडे तुझं नाव घातलंय," बुआलोय म्हणाली. "आधी बधिर करायचं इंजेक्शन देऊन बघतात. त्यानं दुखायचं थांबलं, तरच पुढचं."

"मला न विचारता?"

"आधी माझ्यावर करून बघितलं. फसलं असतं, तर तुला कशाला आशा लावू?"

खामनोयच्या मनात आलं, म्हणजे हेही पुण्य पुन्हा हिलाच! तिनं बसल्या जागी हात जोडले, दात आवळले. "साथू."

"अगं, शिवी दिल्यासारखं काय?"

"आज एवढंच निघतंय," खामनोय म्हणाली. "आणि ऐक, गुडघा टेकला ना माझा, तर भंतेंच्या समोरची जागा माझी. तू सरकायचं बाजूला."