रिमार्कचा रकाना

जयदीपला मी आजवर तीनदा भेटलोय आणि तिन्ही वेळा तो माझ्याशी चांगलाच वागला. त्यामुळे त्याचा राग यायला काही आधार नाही, हे मला कबूल आहे. राग मात्र येतो.

तो माझ्या बायकोच्या, अबोलीच्या टीममध्ये आहे, हिंजवडीला. त्यांची सुट्टी शनिवार-रविवार. मी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला, आणि आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांसारखी आमची सुट्टी गुरुवारी. लग्नाला सात वर्षं झाली. सात वर्षं मी गुरुवारी थेरगावच्या फ्लॅटमध्ये एकटा भांडी लावतो, डांगे चौकातून भाजी आणतो आणि दुपारी झोपतो. ती शनिवारी ऑफिसच्या मंडळींबरोबर कधी राजमाचीला, कधी तारकर्लीला. जा म्हणणारा मीच. घरात एकटी बसून ती तरी काय करणार? पण संध्याकाळी फोटो यायचे आणि त्यात जयदीप असायचा, कधी तिच्या डावीकडे, कधी उजवीकडे.

यंदा आम्ही दोघांनी एकदम रजा टाकली. आठ दिवस, व्हिएतनाम. हनिमून सोडला तर सलग आठ दिवस एकत्र, असं कधी घडलंच नव्हतं. तिथं डोंगर बघायला मिळो की दगड, मला फरक पडत नव्हता. मला ते आठ दिवस हवे होते आणि त्यात तिसरं माणूस नको होतं.

तिसरं माणूस पहिल्याच दिवशी आलं.

"जयदीपनं शीट करून दिलंय," अबोली म्हणाली. "तो दोनदा जाऊन आलाय ना. तुलाही पाठवलंय, स्वानंद, बघून घे. तुला हवं ते बदल."

गुरुवारी दुपारी मी ते फोनवर उघडलं. वार, ठिकाण, वेळ. सगळं हिरव्या-पिवळ्या रंगात, नीटनेटकं, नवऱ्यामुलाच्या बायोडेटासारखं. सोमवारी हे देऊळ, मंगळवारी ती कॉफी. बुधवारी होई आन नावाच्या कंदिलांच्या गावात एका शिंप्याकडे अख्खा अर्धा दिवस. माझ्या बायकोनं परदेशात जाऊन कपडे शिवून घ्यायचे, हे हा ठरवणार? मी तो शिंपी उडवला. मग देऊळ उडवलं, मग कॉफी. गुरुवार तर कोराच होता. एवढा हुशार माणूस आणि अख्खा एक दिवस विसरला, म्हणून मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये मी धनेशला सांगितलं. तो आमच्या शेजारच्या लाइनवर असतो आणि गेल्या वर्षी बायकोला घेऊन व्हिएतनामला जाऊन आलाय.

"बोट घेतली का, भावा?" त्यानं विचारलं. "हालाँग बेला बोटीवर एक रात्र काढायची. व्हिएतनामला जाऊन बोट नाय केली म्हणजे आळंदीला जाऊन इंद्रायणी नाय बघितली."

जयदीपच्या शीटमध्ये बोट नव्हती. बसमध्ये बसल्या बसल्या मी बुकिंग करून टाकलं, गुरुवारचंच. मोठा कार्यक्रम गुरुवारी असतो, हे माझ्या अंगात मुरलंय.

संध्याकाळी अबोली कॅबमधून दमून आली. मी फोन तिच्यापुढे धरला. पांढरी बोट, लाकडी खोली, पलंगाशेजारी गोल खिडकी.

"रात्रभर बोटीवर?" तिनं विचारलं.

"रात्रभर."

तिनं फोटो बराच वेळ बघितला. "छान आहे," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

"जयदीपला नव्हतं सुचलं." हे म्हणायला नको होतं, पण हे म्हणण्यासाठीच तर सगळा खटाटोप केला होता.

"नाही," ती आतून म्हणाली. "त्यानं नव्हती टाकली."

पुढच्या गुरुवारी मी बॅगा भरायला घेतल्या. तिच्या औषधांच्या पाकिटात उलटीच्या गोळ्यांच्या चार पट्ट्या निघाल्या, नव्याकोऱ्या. सोबत आल्याच्या वड्यांची पुडी. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन तास बसणाऱ्या बाईला गाडी लागत नाही, हे मला माहीत होतं. मग एवढ्या गोळ्या कशाला?

मी लॅपटॉप काढला आणि मी खाडाखोड करण्याआधीचं, जयदीपनं केलेलं शीट शोधून उघडलं. मोठ्या पडद्यावर ते पूर्ण दिसलं. फोनवर मी ते बाजूला सरकवलंच नव्हतं. वेळेच्या पुढं आणखी एक रकाना होता. रिमार्क.

आता मी क्वालिटीचा माणूस. रिमार्कचा रकाना वाचल्याशिवाय चेकशीटवर सही करायची नाही, हे मी लाइनवरच्या प्रत्येकाला वर्षानुवर्षं ओरडून सांगत आलोय. गेल्याच महिन्यात एकाला त्यावरून मेमो दिलाय.

रिमार्कमध्ये लिहिलं होतं: "शिंपी: अबोलीला कधीपासून लांब कोट शिवून घ्यायचाय. घाई करू नका." खाली: "हालाँग बे: वरच्या टेकडीवरून बघा. बोट नको. तारकर्लीचं लक्षात आहे ना?" आणि गुरुवारपुढे: "मोकळा ठेवलाय. स्वानंदचा वार. त्याला काय आवडतं ते कळलं की भरतो." त्याखाली अबोलीनं लिहिलं होतं, "मलाही नीट माहीत नाही. त्यालाच भरू दे."

मी भरल्या बॅगेशेजारी जमिनीवर बसून राहिलो. भाजी आणायची राहिली.

अबोली आल्यावर मी गोळ्या टेबलावर ठेवल्या.

"तारकर्लीला काय झालं होतं?"

ती पर्स हातात धरून उभीच राहिली. "बोट लागली. दुपारपासून उलट्या. रात्री सलाईन लावावं लागलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"रविवारी आले तेव्हा तू झोपला होतास, पहाटेच्या शिफ्टसाठी. सोमवारी मी बरी होते. मग सांगायचं काय?"

"आणि त्या दिवशी, बोट दाखवली तेव्हा?"

"तू पहिल्यांदाच एवढ्या हौसेनं काहीतरी ठरवलं होतंस. म्हटलं, गोळी घेऊन बसेन."

"जयदीपच्या मात्र बरोबर लक्षात राहिलं." माझा आवाज चढला होता.

"तो शेजारी होता, स्वानंद," ती शांतपणे म्हणाली. "त्यानं बादली धरली होती."

इतके दिवस मी त्या फोटोंवर जळत होतो. खांद्याला खांदा, गॉगल, हसणं. त्या क्षणी मला त्यातल्या कशाचंच काही वाटेना. मला त्या बादलीचा हेवा वाटला. इतका, की डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवायला स्वयंपाकघरात गेलो.

तीही मागोमाग आली. आम्ही ओट्याशी उभ्या उभ्या बोट रद्द केली. शिंपी परत टाकला. मग गुरुवार पुन्हा कोरा झाला.

"आता सांग," ती म्हणाली. "तुला काय आवडतं?"

सात वर्षांत हे मी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"भाजी आणायला," मी शेवटी म्हणालो. "सकाळी, गर्दी व्हायच्या आत. आणि दुपारी झोपायला."

ती हसली नाही. तिनं टाइप केलं: "गुरुवार. सकाळी तिथली मंडई. दुपारी झोप. दोघांनी."

मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला आणि रिमार्कच्या रकान्यात एक ओळ घातली: "यापुढे बादली स्वानंद धरेल."

शीट जयदीपकडेही उघडंच होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मिनिटाभरात त्या ओळीखाली त्याचा उभा अंगठा उमटला.

माणूस चांगला आहे. मला तो आवडत नाही.