लंकाबाईंचे सहा तास

मी एक जुना प्रोग्राम आहे. वारूळवाडीत वैजयंतीताईंच्या कपाटात, बंद पडलेल्या पंख्याशेजारी, एका फ्लॉपीवर माझा मुक्काम असतो. मित्रांनो, माझं कौतुक पुष्कळ झालं, पण आज सांगायची आहे ती माझी चूक.

१९९९ साली ताईंनी मला लिहिलं. लोकांचे वेडेवाकडे लिहिलेले प्रोग्राम मी वाचायचो आणि त्यांच्या प्रत्येक ओळीचं एक झाड करायचो. आधी कोणतं गणित, मग कोणतं, हे त्याच्या फांद्यांवरून कळायचं. मग त्या झाडावरून तोच प्रोग्राम पुन्हा स्वच्छ ओळींत उतरवायचो. नको असलेले कंस गाळायची मला भारी हौस. काय सुबक लिहितो, असं लोक म्हणायचे आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढायचो.

२००२ च्या मार्चमध्ये पिंपरी पेंढारच्या उपसा पाणी योजनेचा प्रोग्राम माझ्याकडे आला. योजनेचे सचिव दादाभाऊ स्वतः घेऊन आले होते. तिथे दहा दिवसांच्या पाळीत प्रत्येक शेताला बारा तास पाणी मिळे, तेही थोडं थोडं. मोटर लावल्यापासूनचे तास मोजायचे, मध्ये लाइट गेली असेल तर तेवढे त्यातून कमी करायचे, आणि जे राहतील ते बारातून वजा करायचे. मधलं गणित कंसात होतं. मी झाड अगदी बरोबर केलं. ओळ लिहिताना मात्र तो कंस मला फालतू वाटला आणि मी तो गाळला.

ताईंनी मला तपासलं नाही असं नाही. जुनी आणि नवी उत्तरं दहा वेळा ताडून पाहिली. पण लाइट गेल्याच्या रकान्यात त्यांनी दर वेळी शून्य घातलं. शून्य असलं की कंस असो वा नसो, उत्तर तेच येतं. लाइट असेल तरच आम्ही दोघं कामाला बसायचो, म्हणून ती गेल्यावर काय होईल हे आम्हाला सुचलंच नाही.

पहिला फटका योजनेतल्या एका शेतकरी बाईंना, लंकाबाईंना बसला. त्यांचा टोमॅटो फुलावर होता. नऊ तास झाले होते आणि त्यातले तीन तास लाइट नव्हती. म्हणजे पाणी घेतलं सहा तास, उरले सहा. माझ्या ओळीने बारातून नऊही काढले आणि तीनही. उत्तर आलं शून्य. दादाभाऊंनी पाणी पुढच्या शेताला दिलं. कॉम्प्युटर खोटं बोलत नाय, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. लंकाबाई मोटरघराच्या भिंतीवर तासातासाची रेघ कोळशाने मारत, लाइट नसलेल्या तासाला आडवी. ती भिंत बघायला त्या आठ दिवस एकेकाला बोलवत होत्या. कुणी गेलं नाही.

शेवटी त्या एसटीने वारूळवाडीला आल्या. कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे त्यांनी त्या रेघा उतरवून आणल्या होत्या. ताईंनी ते आकडे घातले आणि पडद्यावर शून्य पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मला उघडलं, कंस राखायला शिकवलं, पुन्हा चालवलं. सहा आले.

"मावशी, चूक माझी व्हती," ताई म्हणाल्या. एरवी त्या 'व्हती' म्हणत नसत. "आत्ता दादाभाऊंना फोन करते."

"कर. पर फुल समदं गळलं," लंकाबाई म्हणाल्या. "मशिनीला लाइट गेल्याचं काय कळणार, पोरी? तुला तं कळाया पायजे व्हतं. तुज्या घरची बी जातीच ना?"

ताईंनी फोन उचलला आणि दादाभाऊंचा नंबर फिरवला. चूक आधी माझी होती, पण मला ते म्हणता येत नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्यात काहीही बदललं की ताई सगळ्यांत आधी तेच तीन आकडे घालायच्या: बारा, नऊ, तीन. मग उणे आकडे, रिकामे रकाने, कंसात कंस, जे कधी होणार नाही असं वाटतं ते सगळं. कॅलेंडरचं ते पान पडद्याच्या बाजूला चिकटवलेलं असे.

मित्रांनो, दुसऱ्याचं लिहिलेलं नीटनेटकं करायला घ्याल तेव्हा आधी ते कशासाठी होतं हे विचारा. आणि कुणी भिंतीवरच्या रेघा दाखवायला बोलावलं, तर मशीन काय म्हणतं ते मागाहून बघा. आधी जा आणि रेघा मोजा. त्या वर्षी कुणी गेलं असतं, तर लंकाबाईंचा टोमॅटो वाचला असता.