भरवायचे तीन, उचलायचे दोन

आपल्यापैकी कितीतरी घरांत कुणी ना कुणी म्हातारं माणूस खाटेला खिळलेलं असतं, आणि आपण त्याच्यासमोरच त्याच्याबद्दल बोलत असतो. "यांना चहात साखर चालते का हो?" असं शेजारच्याला विचारतो. माणूस समोर बसलेला, कान शाबूत, तरी विचारायचं दुसऱ्याला. ही खोड तुमच्या-माझ्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती खोड आहे हेच कुणाला वाटत नाही. म्हणून ही गोष्ट सांगतो.

दोन हजार नऊ सालची दिवाळी नुकतीच झाली होती, धानाची कापणी चालू होती. दवनीवाड्याच्या वृद्ध सेवाघरात सकाळी पाळी बदलताना भुवनेश्वर रहांगडाले नेहमीसारखा खणखणीत आवाजात सांगत होता, "आज भरवायचे तीन, उचलायचे दोन."

भुवनेश्वर कामचुकार नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पन्नाशीचा गडी, पण दुखणाईत माणसाला खाटेवरून उचलावं तर त्यानंच. अंगात माया होती. जीभ मात्र अशी की विचारू नका. कुणाला 'बाबू', कुणाला 'राजा', आणि ज्याचं जे काम पडेल तेच त्याचं नाव.

भरवायच्या तिघांत टिकाराम पटले नवे होते. बोदलकशाच्या बाजूचे शेतकरी, पंच्याहत्तरीचे. जन्मभर स्वतःच्या धानाच्या बांधीवर उभं राहून रोपांची रोवणी करून घेतलेला माणूस. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली होती, बोलणं जड झालं होतं, पण बुद्धी जागच्या जागी होती. मुलगा हिमांशू गोंदियाला नोकरीत. घरी जमेना म्हणून त्यानं वडिलांना इथं आणलं होतं.

आल्यापासून त्यांचं खाणं कमी होत गेलं आणि परवापासून त्यांनी तोंडच मिटून घेतलं. भुवनेश्वर चमचा ओठांशी नेऊन म्हणे, "बाबू, आ कर... आ..." टिकाराम मान भिंतीकडे वळवत. डॉक्टर बजावून गेले होते, उद्या सकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर दवाखान्यात नेऊन नाकातून नळी घालावी लागेल. या वयात, अशा तब्येतीत गेलेला माणूस परत येईलच याची खात्री कोण देणार? हिमांशूला फोन गेला. तो सकाळी गाडी घेऊन येणार होता.

सेवाघराच्या प्रमुख उर्वशी बिसेन यांनी दुपारचं भरवणं दारातून पाहिलं आणि भुवनेश्वरला ओसरीत बोलावलं.

"भुवनेश्वरभाऊ, ते जेवत काऊन नाहीत?"

"हट्टी आहे मॅडम. पोरासारखं झालं त्याचं."

"त्यांना विचारलं?"

"त्याले काय इचारू? त्याले बोलता कुठी येते?"

"येतं. वेळ लागतो. तुम्ही थांबता कुठं?"

भुवनेश्वर चिडला. इतकी वर्षं लोकांचं हगणं-मुतणं काढलेला माणूस, चिडणारच. "मॅडम, मी काय वाईट बोलून राहिलो? शिवी देतो का? प्रेमानंच बाबू म्हनतो. अन् भरवायचे, उचलायचे, हे तं कामाचं बोलनं होय. एकेकाचं नाव घेत बसलो तं दुपार निघून जाते."

उर्वशीताईंनी आवाज चढवला नाही. "दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला तुमचे जावई आले होते ना? वहिनीला काय सांगितलं? एक खाणारा आला, असं?"

भुवनेश्वरला हसू आलं. "तसं कसं म्हनीन? जावईबापू आले म्हटलं. पाय धुवाले पानी देल्लं."

"का बरं?"

"मान असते ना त्यायचा."

"मग टिकारामजींचा मान कुठं गेला? त्यांच्या गावात त्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय पंगत सुरू होत नसे. त्यांना आपण 'आ कर' म्हणतो. भाऊ, एकदा का माणसाला 'भरवायचा' म्हटलं, की आपलं डोकं तिथंच थांबतं. त्याला काय येतं, काय पाहिजे, हे विचारायचंच राहून जातं. माणसाला लहान करायला शिवी द्यावी लागत नाही."

भुवनेश्वर तोंड फिरवून निघून गेला. पटलं वगैरे काही नव्हतं.

संध्याकाळी मात्र ताट घेऊन तो खाटेजवळ आला तेव्हा डोक्यातून जावईबापू जाईनात. त्यानं चमचा बाजूला ठेवला, स्टूल ओढून बसला आणि जरा ओशाळूनच म्हणाला, "काकाजी, तुमी जेवत काऊन नाई?"

मग थांबला. थांबणं सोपं नसतं, करून पाहा. टिकारामांचे ओठ हलत होते, लाळ ओघळत होती, शब्द येत नव्हता. पुसायला पुढं गेलेला हात भुवनेश्वरनं मागं घेतला. शेवटी आवाज फुटला.

"मले... हात आहे."

"काय म्हनता काकाजी?"

टिकारामांनी डावा हात उचलून दाखवला. तो चांगला हलत होता. "पन... लोकायपुढं... डाव्या हातानं... कसा खाऊ?"

भुवनेश्वर गारच पडला. डाव्या हातानं अन्नाला शिवू नये, हे त्याच्याही आईनं त्याला चापट मारून शिकवलं होतं. म्हणजे हा माणूस स्वतःच्या हातानं जेवू शकत होता! संकोचानं गप्प होता, आणि आपण त्याला भरवायचा ठरवून मोकळे झालो. विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

"माफ करा काकाजी, मी चुकलो. कुठी बसून जेवान, सांगा."

टिकारामांनी मागच्या ओसरीकडे बोट केलं. तिकडे कुणी फिरकत नसे. भुवनेश्वरनं "उचलू का?" असं विचारून त्यांना खुर्चीत बसवलं, हातावर पाणी घातलं, ताट मांडलं आणि स्वतः त्यांच्याकडे पाठ करून बसला. मागं बराच वेळ ताट वाजत होतं. भात सांडत असेल, वरण अंगावर जात असेल. तो वळला नाही. डोळे भरून आले होते, ते त्यानं खुशाल भरू दिले.

सकाळी हिमांशू घाबराघुबरा आला. त्यानं दारातच भुवनेश्वरला गाठलं. "भैया, कुछ खाया इन्होंने? की न्यावं लागेल?"

टिकाराम बाजूलाच खुर्चीत बसले होते.

"मले नोका इचारू," भुवनेश्वर म्हणाला. "ते बसले आहेत ना, त्यायलेच इचारा. अन् जरा दम धरा, ते सांगतीन."

हिमांशू गोंधळला. मग वडिलांच्या पुढ्यात उकिडवा बसला. "बाबूजी, जेवले का तुम्ही?"

टिकारामांनी आपला वेळ घेतला. पोरगा थांबला.

"जेवलो," ते म्हणाले. "वरनात... मीठ कमी होतं."

गाडी रिकामीच परत गेली.

मंडळी, ज्याची सेवा करायची त्याला त्याच्या नावानं आणि मानानं हाक मारा, त्याच्याबद्दल बोलण्याआधी त्याच्याशी बोला, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. उद्या त्या खाटेवर आपणच असणार आहोत. वरणात मीठ कमी आहे हे सांगायचा हक्क तेव्हाही आपलाच राहिला पाहिजे.