नजरेचा तक्ता

चाचणीच्या खोलीत अर्धीच गाडी होती. मागची आसने कापून, जमिनीला बोल्टांनी जखडलेली ती गाडी निमूट उभी होती. समोरच्या भिंतभर पडद्यावर रस्ता थांबला होता, कडेला सायकल आडवी झाली होती, आणि थांबवायचे कोणाला सुचले नाही म्हणून तिचे मागचे चाक तेवढे फिरत राहिले होते.

स्टिअरिंगवर दादाचे हात तसेच होते. बावीस वर्षे टॅक्सी चालवून आपण कोणाला साधा ओरखडाही काढला नाही, हे तो घरी आलेल्या पाहुण्याला पाणी पिऊ देण्याआधी ऐकवत असे. आज बहिणीच्या शब्दाखातर दुपारची भाडी सोडून तो चाचणीला आला होता.

गाडीत बोलणाऱ्या यंत्राच्या बायकी आवाजाचे वाक्य न् वाक्य या बहिणीनेच लिहिले होते. आठ महिने तिने एकच ध्यास घेतला होता: चालकाला मान वळवावी लागू नये, सारे कानांवर भागावे. म्हणून फोनमध्ये एकाच हाकेची अनेक माणसे असली, की आवाज त्यांची नावे एकेक करून वाचून दाखवी. दादाने मामांना फोन लावायला सांगितले. आवाजाने अदबीने चार मामा पुढे करायला घेतले. तिसऱ्या मामांपाशी सायकल रस्त्यात आली.

विभागप्रमुख तक्ता घेऊन आले. सेकंदांवाचून त्यांचे पान हलत नसे, म्हणून माघारी सारे त्यांना सेकंदकाटा म्हणत. कॅमेऱ्याने दादाची बुबुळे टिपली होती आणि नजर एकदाही रस्त्यावरून ढळली नव्हती. चाळीस चालकांत इतका स्वच्छ निकाल मिळाला नव्हता, असे सांगून त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. धडकेचे काय, माणूस दमला की व्हायचेच, असे ते म्हणाले. आता तिची सही झाली, की पुढच्या आठवड्यात आवाज गाड्यांत बसणार होता.

दादा सावकाश उतरला.

"मी बघत होतो गं त्या सायकलवाल्याकडे," तो म्हणाला. "लाल सदरा होता. पण दुसरे मामा की तिसरे, तेच धरून बसलो होतो."

"इतके मामा जमवायला सांगितलं कोणी तुला?" तिने हसवू पाहिले.

तो हसला नाही. "खऱ्या रस्त्यावर पण अशीच बोलत राहणार का तुझी ही बाई?" एवढे विचारून तो दाराकडे वळला.

तिने तक्ता हाती घेतला. नजर किती वेळा ढळली, किती सेकंद, उत्तर किती वेळात आले. धडकेला रकानाच नव्हता. तो तक्ताही तिनेच आखलेला. ओंजळीत दिवा जपावा तसे तिने चालकांचे डोळे जपले होते. डोळे उघडे ठेवून माणूस कुठे निघून जातो, हे विचारायचे राहून गेले होते. आधीच्या चाळीस चाचण्यांत किती सायकली आडव्या झाल्या, हे आता कोणालाच सांगता आले नसते.

तिला एकाएकी फार थकल्यासारखे झाले. समासात तिने लिहिले: सायकलस्वाराला धडक. सहीची जागा कोरी ठेवून कागद टेबलावर सरकवला.

सेकंदकाट्याने चष्मा वर केला. "याला रकाना कुठाय आपल्याकडे? अगं, आठ महिने तुझेच गेलेत ना यात? मग?"

तिने पेनाला टोपण लावले, आसनावर राहिलेली दादाची पाण्याची बाटली उचलली आणि त्याच्या मागोमाग ती जिना उतरू लागली.