साखर उतरवणारे तीर्थ

विश्रांतवाडीच्या त्या मंगल कार्यालयात गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. उत्तरेश्वर महाराज मधुमेही भक्ताच्या ओंजळीत गुळाचा प्रसाद ठेवत आणि यंत्रावर बोटातल्या रक्ताचा थेंब तपासत. आकडा चारशेच्या वर! मग हातांवर तीर्थाची धार, पुसायला कोरे उपरणे, दुसरा थेंब. दोनशेच्या आत!

"यंत्र विज्ञानाचेच आहे, माउली. आम्ही निमित्तमात्र!"

तो उतरलेला आकडा पाहून आमच्या शेजारच्या मुक्ताईने इन्सुलिन बंद केले. तिच्या तळपायाला जखम होती. चौतीस वर्षे मी वस्त्यांतून परिचारिका म्हणून फिरले आहे. मी तिला खडसावले.

"अहो सिस्टर, महाराज जवळ बसवून विचारपूस करतात. तुमची ती नवी नर्स उंबऱ्यातूनच आकडा विचारते, मोबाइलमध्ये भरते आणि जाते."

मी त्या नर्सला, पूर्णिमाला, बोलावून घेतले. "तू परिचारिका आहेस की खानेसुमारीची कारकून?"

"दिवसाला साठ घरे भरायची असतात, बाई. जखमेला त्यात रकानाच नाही."

"मग डोळे कशाला दिलेत?"

पुढच्या गुरुवारी ती माझ्यासोबत आली. दोघा भक्तांची तपासणी पाहिली आणि उठली.

"महाराज, आज आपलीच साखर पाहू."

"आम्हांला कसला आजार?"

"म्हणूनच!"

लोक हसले, महाराजांना नकार देता येईना. पूर्णिमाने त्यांच्या हाती त्यांचाच प्रसाद दिला आणि बोट टोचले. चारशे बारा. मग नळाच्या पाण्याने हात धुऊन कोरडे केले. एकशे चार.

"गूळ बोटाला होता, रक्तात नव्हता. थेंबात मिसळला की यंत्र तोही मोजते. तीर्थाने फक्त हात धुतले. कोणाचीही साखर उतरलेली नाही. औषध सोडलेल्यांनी आजच डॉक्टरांकडे जा!"

महाराज मागच्या दाराने निघून गेले. कोणी तरी फटकारले, "हे आधी का नाही सांगितलेत?"

"चुकले. मुक्ताईंच्या दारी मी तीनदा गेले. पाय एकदाही पाहिला नाही."

पुढच्याच रांगेत बसलेल्या मुक्ताईच्या पायाची पट्टी तिने तिथेच सोडली. दोन बोटे काळी पडली होती. आठवड्याभरात पाऊल कापावे लागले.

आता पूर्णिमा आधी पाय पाहते, मग आकडा भरते. साठ घरे होत नाहीत, म्हणून तिला दोन नोटिसा आल्या आहेत. आमच्या व्यवसायाने प्रगती केली म्हणतात, ती ही!

कोणी चमत्कार दाखवला, तर तोच प्रयोग निरोगी माणसावर करून दाखवायला सांगा. डॉक्टरांना विचारल्यावाचून औषध थांबवू नका. आणि दारात आलेल्या नर्सला आत बोलावून जे दुखते ते दाखवा. ती घाईत असेल, तर हात धरून बसवा.