तुरीच्या पलीकडची जागा

खुंटीचं टोक बोथट होतं, तरी ती जमिनीत शिरत होती, म्हणजे माती खालपर्यंत भिजलीय, मे महिन्याच्या पावसाने यंदा शब्द पाळलाय... खुंटीवर अजून निळा रंग होता. आयोनीच्या खुर्चीचा पाय तो. खुर्ची मोडली तेव्हा ती म्हणाली होती, टाकू नकोस, पाय चांगले आहेत. आणि मग स्वतःच्या सुजलेल्या पायांकडे बघून इतकी हसली होती की दुसरी खुर्चीही मोडते की काय असं लिनव्हलला वाटलं होतं.

दरवर्षी आखायचं तिने आणि खणायचं त्याने. चाळीस-एक वर्षांच्या संसारात या वाटणीवर भांडण झालं नव्हतं, कारण भांडायला बाकी बरंच होतं. ती ओसरीच्या पायरीवर उभी राहायची, हनुवटी उडवायची — इकडे मिरची, तिकडे पातीचा कांदा, अळू ओढ्याकडे — आणि तो दोरी ओढायचा. आज सकाळी मात्र ती ओसरीवर पायांवर चादर घेऊन बसली आणि म्हणाली, "यंदा तू आख." एवढंच. पाद्रीबाबांनी भर रविवारी आपल्या हाती बायबल देऊन खाली जाऊन बसावं, तसं झालं त्याला.

तर माठ. माठाला त्याने दारासमोरचा सगळा तुकडा दिला. मग वाटलं, अजून थोडा द्यावा. माठ कसा, टाकला की महिन्याभरात ताटात. खारा मासा घालून परतला की आयोनी अजूनही दोन घास जास्त खाते... दोन नसेल, एक. त्याने खुंटी उपटून पुढे सरकवली. पलीकडे पुन्हा माठच. आपण हे काय करतोय, असा प्रश्न डोक्याच्या मागच्या बाजूला कुठेतरी उभा होता, पण टोपी घातली की मागची बाजू झाकली जाते.

डॉक्टर तरुण होता. किंग्स्टनच्या इस्पितळाच्या त्या हिरव्या बोळात त्याने लिनव्हलला बाजूला घेतलं, आणि लिनव्हलने — त्याच्या तोंडून दुसरं काही निघालंच नाही — विचारलं, नाताळच्या केकसाठी तिने आत्ताच मनुका रममध्ये भिजत घातल्यात, तर चालेल ना? डॉक्टर रमबद्दल काही बोलला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "नाताळ अजून लांब आहे." मग लिनव्हलच्या दंडाला हात लावला. दंडाला कशाला हात लावायचा? परत येताना बसमध्ये आयोनीने विचारलं, काय म्हणाला? तो म्हणाला, केकला हरकत नाही. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चांगला आहे मुलगा."

"मास लिन! खोली वाढवताय की काय?"

कुंपणाबाहेर क्लीव्ह गवंडी उभा होता; वडीलधाऱ्यांना तो 'मास' लावूनच हाक मारायचा. या डोंगरावरची निम्मी घरं आणि जवळजवळ सगळी थडगी त्याच्या हातची. घरं गळतात, थडगी गळत नाहीत, असं लोक म्हणत.

"भाजी लावतोय."

"भाजीला एवढा काटकोन? मला वाटलं पाया आखताय. सांगा हं, माझ्याकडे सिमेंट शिल्लक आहे, शाळेच्या भिंतीचं."

"तुझं सिमेंट घाल तुझ्या डोक्यात, भोकं बुजतील!"

क्लीव्ह मोठ्याने हसला, ओसरीकडे टोपी उंचावून म्हणाला, "मिस आयोनी, यांना उन्हातून आत घ्या!" आणि निघून गेला. आयोनीही हसली. मजेतच बोलला बिचारा, त्याच्या पोटात काही नसतं... पण खुंट्या आणि दोरी आता लिनव्हलला निराळ्याच दिसायला लागल्या. लांबट चौकोन. भाजीचे सगळे वाफे लांबट चौकोनच असतात. असतातच की.

परसाच्या टोकाला नीरफणसाखाली त्याच्या आईचं थडगं होतं, चुन्याने पांढरं केलेलं, वर मसाल्याची मिरी वाळत घातलेली. "सासूबाईंनी जन्मभर माझ्या कामाला नावं ठेवली," आयोनी म्हणायची, "आता निदान वाळवण सांभाळतात." आईच्या पलीकडे वडील, त्यापलीकडे आजोबा. लहानपणी तो एकदा आजोबांकडे बोट दाखवून म्हणाला होता, यात किती जण मावतील? व्हॅश्टी आत्याने मनगट धरलं. थडग्याला बोट दाखवतोस? सडून गळेल ते. चाव! सगळी चाव, एकेक करून! दहाच्या दहा बोटं चावून होईपर्यंत तिने हात सोडला नाही. तेव्हापासून त्या बाजूची कुठलीही गोष्ट दाखवायची तर तो हनुवटीच उडवतो. शेजारचं शेंबडं पोरही तसंच करतं, मोठे तर करतातच. या गावात बोटं चावलेली नाहीत असा माणूस सापडायचा नाही.

"लिनव्हल, माठच माठ!" आयोनी ओसरीवरून ओरडली. आवाज अजून तसाच, खालच्या वळणापर्यंत जाणारा. "लग्न आहे का कुणाचं? आणि कोनफळ कुठंय?"

"बघतो ना."

"बघतोस काय? बियाण्याचे तुकडे राख लावून ठेवलेत मी. वेल चढवायला काठ्या तोडायच्यात."

"कोनफळाला वर्ष लागतं गं—"

आणि वाक्य तिथेच उभं राहिलं, दोघांच्या मधोमध, गेटमधून आत आलेल्या शेजारच्या बकरीसारखं. हाकलणार कोण? त्याने वाफ्यांकडे पाहिलं. माठ, माठ, मुळा, पाती. जे जे लवकर येतं तेवढंच. डॉक्टर बोलला नाही ते मी सकाळपासून दोरीने जमिनीवर लिहीत बसलोय, आणि ती तिथे उंचावर बसून वाचतेय...

"लागू दे की वर्ष," ती म्हणाली. "तुला कुठे जायचंय?"

तुला, म्हणाली.

"आणि तूर कुठे टाकतोयस? नाताळच्या भातात तूर नको? डब्यातली आणशील तर ताट फेकीन तुझ्या अंगावर. लाल अंबाडीही लाव थोडी, बोंडांच्या सरबताला."

"तूर इथे. दोन ओळी."

"तीन लाव, मिस्टर बर्क. कंजूस कुठला! बरं, तुरीच्या पलीकडे? आईंच्या अलीकडची ती जागा?"

ती जागा. आईच्या थडग्याला लागून, दरवर्षी मोकळी राहणारी. इकडचा वाफा तिथवर गेला की आपोआप थांबायचा, कुणी थांब म्हणायचं नाही. गवतही मऊ तिथलं. यंदा लावूनच टाकायची, त्याने एकदम ठरवलं, काहीतरी दाट, सगळं झाकून टाकणारं, पाऊल ठेवायला जागा उरणार नाही असं—

"तिथे रताळी!" तो म्हणाला, जरा मोठ्यानेच, आणि हात लांब करून दाखवलं.

हात परत आला तो तोंडाशीच. आधी तर्जनी, मग मधलं बोट, करंगळी, अंगठा. मग दुसरा हात. जिभेला मातीची चव लागली, खुंटीच्या रंगाची कडवट चव लागली, आणि दहावं बोट चावून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की तिथे काही नाही. गवत आहे. मोकळ्या जमिनीला बोट दाखवून कुणी बोटं चावत नाही.

आयोनी ओसरीवरून बघत होती. चादर गुडघ्यांवरून थोडी खाली सरकली होती, ती तिने वर ओढली, नीट चापून बसवली. मग त्या जागेकडे हनुवटी उडवली, वर्षानुवर्षं मिरचीकडे उडवायची तशीच.

"तिथे झाडाची मुळं आलीत," ती म्हणाली. "ऐनवेळी खणायला जड जाईल. आत्ता माती ओली आहे तोवर सैल करून ठेव." आणि थोडं थांबून, "पण आधी कोनफळ. राख लावलेलं फार दिवस राहत नाही."

"हो," तो म्हणाला.

त्याने माठाची खुंटी उपटली. ती हातात घेऊन तो उभा राहिला. कोनफळाला किती जागा लागते हे त्याला पाठ होतं, आणि आठवत नव्हतं. ती सांगेल म्हणून त्याने वर पाहिलं नाही. निळ्या खुंटीवर त्याची बोटं होती आणि बोटांवर दातांचे वण, एकेक करून फिके होत चाललेले... जरा थांबा, असं त्याला म्हणावंसं वाटलं, कुणाला ते कळलं नाही. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला घाई नव्हती.